दंतमज्जा, मज्जातंतू आणि एक क्रियापद

इंदूरच्या आमच्या महाविद्यालयात मी एम. ए. मराठीच्या वर्गाला अनुवाद शिकवते. गेल्या वर्षी एका हिंदी विज्ञानलेखातला उतारा दिला होता. विषय होता दातांतल्या मूळपेशी आणि इजा झालेल्या मज्जासंस्थेची दुरुस्ती. एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘दाताच्या मुळातील पेशींपासून नवे स्नायू तयार होतात.’ व्याकरणात चूक नव्हती. अर्थ मात्र तीन ठिकाणी ढळला होता. त्या तीन जागा नीट पाहिल्या की भाषेबरोबर विज्ञानही उलगडते.

पहिली जागा ‘स्नायू’. हिंदीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू. मराठीत स्नायू म्हणजे हालचाल घडवणारे मांस. उलट, मराठीतल्या पेशीला हिंदीत ‘कोशिका’ म्हणतात आणि तिथली ‘पेशी’ ही मांसपेशी असते. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलांना हे शब्द ओळखीचे वाटतात, म्हणूनच ते फसवतात.

दुसरी जागा ‘मुळातील’. मूळपेशी म्हणजे मुळात राहणारी पेशी नव्हे. जी स्वतःसारख्या पेशी निर्माण करीत राहते आणि प्रसंगी निराळ्या पेशीचे रूपही घेऊ शकते, ती मूळपेशी. अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली प्रौढांच्या अक्कलदाढांतून आणि २००३ साली मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतून अशा पेशी मिळवल्याचे प्रसिद्ध केले. त्या असतात दाताच्या आतल्या मऊ गरात, म्हणजे दंतमज्जेत.

इथे मराठी आणखी एक चकवा देते. दंतमज्जा, अस्थिमज्जा, मज्जातंतू, मज्जारज्जू या चारही शब्दांत ‘मज्जा’ आहे, पण वस्तू चार आहेत. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात. मज्जारज्जू मेंदूचे संदेश शरीराकडे नेतो. तरी दंतमज्जा आणि मज्जातंतू यांचे एक नाते खरे आहे. गर्भात मज्जासंस्था आकार घेत असताना तिच्या कडेने काही पेशी सुटून दूर जातात. दंतमज्जेचा मोठा भाग त्यांच्यापासून घडतो आणि हातापायांतल्या मज्जातंतूंना आवरण घालणाऱ्या पेशीही त्यांच्याच कुळातल्या. म्हणून संशोधकांची नजर दातांकडे वळली.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची: ‘तयार होतात’ हे क्रियापद. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मज्जारज्जू पूर्ण छेदलेल्या उंदरांत त्यांनी माणसाच्या दातांतल्या मूळपेशी सोडल्या. उंदरांचे मागचे पाय काही प्रमाणात पुन्हा हलू लागले. तिथल्या पेशींचे मरणे कमी झाले होते; तुटलेल्या तंतूंची वाढ रोखणाऱ्या द्रव्यांचा अडसर सैल झाला होता; आणि सोडलेल्या पेशींनी तंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींचे रूप घेतले होते. म्हणजे दातातल्या पेशी स्वतः नवा मज्जारज्जू झाल्या नाहीत. जखमी मज्जारज्जूला त्यांनी सावरले. ‘तयार होणे’ आणि ‘सावरणे’ यांत केवढे अंतर आहे!

तास संपल्यावर ती विद्यार्थिनी मागे थांबली. म्हणाली, “मॅडम, दादाला अपघात झाल्यापासून कमरेखाली हालचाल नाही. भाचीचे दुधाचे दात पैसे भरून जपून ठेवा, असं एकांनी सांगितलंय. ठेवायचे का?” मग मला कळले, तिने ते वाक्य तसे का लिहिले होते.

मी तिला जे ठाऊक होते ते सांगितले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फक्त नाळेतले रक्त साठवण्यास परवानगी आहे. दातांसारख्या इतर गोष्टींची व्यापारी साठवण मान्य नाही. मज्जारज्जूच्या इजेवर मूळपेशी वापरणे हा रुळलेला उपचार नव्हे, संशोधनाचा भाग आहे. पैसे देण्याआधी दादाच्या डॉक्टरांना विचार, असे म्हटले. ती काही वेळ गप्प राहिली.

पुढच्या तासाला तिने वाक्य बदलून आणले: ‘दातांच्या गरातील मूळपेशी इजा झालेल्या मज्जारज्जूला सावरण्यास मदत करतात, असे उंदरांवरील प्रयोगात दिसले आहे.’ वाक्य लांबले, आशा थोडी आखडली. पण आता ते खरे होते.

शिक्षकमित्रांना एकच सुचवते. विज्ञानाचा उतारा देताना प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायला सांगावी आणि विचारावे: हे कोणी केले, कशात पाहिले, आणि झाले की होऊ शकते? आपले वाक्य वाचून कुणीतरी घरी निर्णय घेणार असते.