एक रुपयाही जास्त देऊ नकोस

चि. निनाद,

नाण्याचे फोटो मिळाले. विकणारा 'कॉन्स्टंटाइनचं ख्रिस्ती नाणं' म्हणतोय आणि किंमत दुप्पट लावतोय. अरे, मागच्या बाजूला किरणांचा मुकुट घातलेला सूर्यदेव ढळढळीत उभा आहे! 312 साली मिल्वियन पुलाची लढाई जिंकून रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन ख्रिस्ताकडे वळला, ही कथा खरी धरली तरी त्याच्या टांकसाळी पुढे कित्येक वर्षं 'अजिंक्य सूर्य, माझा सोबती' याच अर्थाची अक्षरं उठवत होत्या.

विकणाऱ्याची सारी भिस्त सूर्याशेजारच्या बारीक फुलीवर दिसते. टांकसाळी असल्या खुणा आपल्या हिशेबासाठीही टाकत. ख्रिस्ती मानल्या जाणाऱ्या दुसऱ्या खुणेचंही तसंच: 'खी' आणि 'ऱ्हो' ही ख्रिस्ताच्या ग्रीक नावातली पहिली दोन अक्षरं. ती एकमेकांत गुंफलेली खूण इजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमीच्या तांब्याच्या नाण्यावर गरुडाच्या पायांमध्ये आहे, येशूच्या जन्माआधी दोनशेहून जास्त वर्षं! तिथे कसला ख्रिस्त?

खरी खूण पाहायची तर 315 च्या सुमाराचं, टिसिनमचं म्हणजे आजच्या पाव्हियाचं चांदीचं पदक बघ. जगात तीनच नमुने माहीत आहेत, तेव्हा फोटोवरच समाधान मान. शिरस्त्राणाच्या तुऱ्यापाशी एक इवलीशी चकती आहे, तिच्यात खी-ऱ्हो. आणि त्याच बादशहाच्या ढालीवर? रोमच्या दंतकथेतल्या रोम्युलस-रीमसला दूध पाजणारी लांडगी. दोन्ही खुणा एकाच चांदीवर सुखानं नांदताहेत. राजा नाण्यावर श्रद्धा कमी आणि सत्ता जास्त कोरतो, असं माझं मत.

मॅग्नेन्शियसचंच पाहा. 353 मध्ये या बंडखोरानं तांब्याच्या नाण्याची मागची बाजू अख्ख्या खी-ऱ्होनं भरली, दोन्हीकडे आल्फा-ओमेगा. लढत होता कोणाशी? कॉन्स्टंटाइनच्याच ख्रिस्ती मुलाशी, दुसऱ्या कॉन्स्टँशियसशी. त्याच वर्षी हरला आणि जीव दिला.

आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली व्हेनिसची डकॅट आठव. एका बाजूला संत मार्क, दुसऱ्या बाजूला ख्रिस्त; घालणाऱ्या बायकांचा धर्म त्यावरून ओळखशील का?

तेव्हा विक्रेत्याकडून वजन माग आणि खालच्या टांकसाळीच्या अक्षरांचा जवळून काढलेला फोटो माग. नाणं हाती आलंच तर चिंच-लिंबू लावून चकचकीत करायला जाऊ नकोस, त्यावरची जुनी झिलई जाईल. सूर्याचं नाणं म्हणून रास्त भावात देत असेल तर खुशाल घे. फुलीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नकोस.

तुझा,
मामा