जुन्या बुलेटचे टॅपेट : आवाज, तपासणी आणि जुळणी



या सत्रात शनिवारच्या कार्यानुभवाच्या तासाला आपण जुन्या बुलेटचे इंजिन शिकण्यासाठी घेतले आहे. काही पालकांनी आम्हांस विचारले की, परीक्षा तोंडावर असताना हे कशाला? त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

मागील वर्षी आपल्या एका विद्यार्थ्याच्या घरची बुलेट टकटक आवाज करू लागली. वडील रात्रपाळीला त्याच गाडीने खाणीवर जातात. रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने टॅपेट आवळून दिले. आवाज बंद झाला आणि घरचे सर्व खूश झाले. पुढे तीन आठवड्यांत गाडी किक मारून मारून सुरू होईना. हेड उघडले तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली निघाली. खर्च झाला तो झालाच, शिवाय गाडी दुरुस्त होईपर्यंत वडिलांना रोज कोणाच्या तरी मागे बसून पाळी गाठावी लागली. आवाज गेला म्हणजे दोष गेला, असे घरात सर्वांनी धरले होते. प्रत्यक्षात दोष त्याच दिवशी सुरू झाला होता.

आता इंजिनाकडे वळू. १९५५ साली मद्रास येथे एन्फिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि बुलेट आपल्या देशात बनू लागली. त्या ३५० बुलेटच्या ओतीव लोखंडी सिलेंडरचा व्यास ७० मि.मी. आणि पिस्टनची धाव ९० मि.मी. आहे. नववीच्या मुलांनी घनफळ काढून पाहावे, सुमारे ३४६ घन सें.मी. येते. खाली कॅम फिरतो, तो टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड वरच्या रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबून उघडतो. हे चार ठोक्यांचे इंजिन असल्यामुळे कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. क्रँकचे मिनिटाला ३००० फेरे होत असतील तर प्रत्येक व्हॉल्व्ह १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडतो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लाल होण्याइतका तापतो. ही उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः व्हॉल्व्ह बंद असताना, त्याची कड हेडमधील बैठकीला टेकलेली असते तेव्हा. टॅपेट जास्त आवळले तर पुशरॉड व्हॉल्व्हला किंचित उचलून धरतो. कड टेकत नाही, उष्णता जात नाही, वर त्या बारीक फटीतून पेटलेला वायू जोराने निसटतो आणि धातू खातो. वरील गाडीत हेच झाले. फट जास्त असेल तर टकटक होते, व्हॉल्व्ह उशिरा व कमी उघडतो, ताकद थोडी घटते आणि भाग झिजतात. तोही दोषच आहे, पण तो तुम्हाला ओरडून सांगतो. आवळलेले टॅपेट काही सांगत नाही, हे फार ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ही जुळणी इंजिन पूर्ण थंड असतानाच का करायची? लोखंड तापले की वाढते. १०० मि.मी. लांबीचे ओतीव लोखंड १०० अंश सेल्सिअसने तापले तर सुमारे ०.११ मि.मी. वाढते, आणि तेवढेच ॲल्युमिनियम सुमारे ०.२३ मि.मी. या बुलेटमध्ये सिलेंडर आणि हेड तापून उंच होतात, पुशरॉड त्या मानाने थंड राहतो, म्हणून गरम झाल्यावर फट वाढते. थंड असताना फट जवळजवळ शून्य ठेवतात ती याच कारणाने. मात्र हा नियम दुसऱ्या गाड्यांना लावू नये. ज्यांचा कॅम वर हेडमध्येच आहे, त्या गाड्यांत पुस्तिकेत दिलेली फट फिलर गेजनेच मोजावी. बुलेटच्याही २००८-०९ च्या सुमारास आलेल्या यूसीई इंजिनात टॅपेट तेलाच्या दाबाने आपोआप जुळतात, तिथे पाना लावण्याचे काम नाही.

आपल्या बेल्लमपल्लीत कान कसा वापरावा हे घरोघरी माहीत आहे. खाणीत काम केलेल्या कोणालाही विचारा, छताला काठी किंवा सब्बल ठोकून आवाज ऐकतात. खणखणीत आला तर दगड पक्का, बद्द आला तर तो सुटलेला. इंजिनाचेही तसेच आहे. लांब पेचकसाचे टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवून मूठ कानाला लावा. टॅपेटचा आवाज हलका, टिकटिक असा आणि इंजिनाच्या निम्म्या वेगाने येतो. क्रँकच्या बेअरिंगचा ठोका जड असतो आणि खालून येतो. त्याला टॅपेट आवळून उपाय नाही.

मग इंजिन बंद करून किक हाताने हळूहळू दाबा. दाब पटकन विरत असेल तर फुसफुस कुठून येते ते ऐका. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट. तळाच्या चेंबरच्या नळीतून आली तर पिस्टनच्या रिंगा पाहाव्या लागतील.

जुळणीसाठी गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा, शेवटचा गिअर टाका आणि मागचे चाक पुढच्या दिशेने फिरवा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा. हवा अंगठ्याला ढकलू लागली की कंप्रेशनचा ठोका आला असे समजा. मग पिस्टन अगदी वर येईपर्यंत चाक हळू फिरवा. इथे मुले चुकतात. पिस्टन वर येतो दोन वेळा, पण एक्झॉस्टच्या ठोक्याच्या शेवटी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात. त्या वेळी जुळवले तर सर्व काम उलटे होईल.

सिलेंडरच्या उजव्या बाजूचे एका नटाचे झाकण काढा. आत प्रत्येक पुशरॉडखाली तीन षटकोन दिसतील : खालचा टॅपेटचा, मधला लॉक नट, वरचा ॲडजस्टरचा. खालचा पान्याने धरून ठेवा, लॉक नट सैल करा आणि वरचा फिरवा. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. लॉक नट आवळताना जुळणी सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाहा. इंजिनाचे दोन पूर्ण फेरे देऊन परत एकदा पाहा.

एवढे करूनही टकटक राहिली तर पाना खाली ठेवा. पुशरॉड काढून सपाट काचेवर लोळवा, वाकलेला असेल तर लगेच कळते. रॉकरचा बुश ढिला झाला आहे का आणि टॅपेटचा तळ झिजला आहे का, हेही पाहावे लागेल. जुळवलेली फट पुन्हा पुन्हा वाढत असेल तर कॅम किंवा टॅपेट झिजत आहे. ती आपोआप कमी होत असेल तर व्हॉल्व्ह बैठकीत खोल जात आहे, आणि हेड उघडण्याची वेळ जवळ आली आहे. यासाठी प्रत्येक जुळणीची तारीख आणि किलोमीटर वहीत लिहावे.

विश्वस्त मंडळास विनंती की, पातळ तोंडाचे तीन पाने आणि एक फिलर गेज शाळेसाठी मंजूर करावे. सध्या ही अवजारे एका पालकांकडून मागून आणावी लागतात. त्याच पालकांची बुलेट शुक्रवारी संध्याकाळी सायकल स्टँडच्या शेडमध्ये आणून ठेवली जाईल. शनिवारचा तास संपेपर्यंत ती कोणीही सुरू करू नये, नाहीतर इंजिन थंड होण्यात सर्व सकाळ जाईल.