पात्याची उंची : काळ्या मातीतील रस्त्याचा एक धडा

रस्ता दुरुस्त करणे म्हणजे तो सपाट आणि गुळगुळीत करणे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. अभियांत्रिकीची पदवी घेऊन इंदूरला कामास लागलो तेव्हा माझीही तीच समजूत होती. ती कशी चुकीची ठरली आणि त्यातून मी काय शिकलो, ते प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

इंदूरच्या भोवतालचा माळवा आणि आपला कृष्णाकाठ ही दिसायला दूरची, पण मातीने सख्खी भावंडे आहेत. दोन्हीकडची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली. आपल्या कन्नड मित्रांच्या घरी जिला ‘एरे’ म्हणतात, तीच ही. तिच्यातील चिकणमातीची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात. त्यामुळे उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन बैलाचा पाय धरून ठेवते. पिकाला ती सोन्यासारखी, पण रस्त्याला वैरीण! म्हणून तिच्यावर मुरुमाचा थर पसरून, पाणी मारून, रोलरने दाबून रस्ता करतात. वाहनाचे ओझे मातीवर पसरून टाकणे आणि पावसाचे पाणी मातीपर्यंत न पोचू देणे, ही दोन कामे हा थर करतो.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि सपाट प्रदेशातील पाचशे व त्याहून अधिक वस्तीची गावे पक्क्या रस्त्याने जोडण्याचे काम तिने हाती घेतले. परंतु पुष्कळशा लहान वस्त्या आणि शेतरस्ते यांचा आधार मुरूमच. देपालपूर तहसिलीतील असाच दोन किलोमीटरचा एक रस्ता माझ्याकडे दुरुस्तीसाठी आला. मे महिना होता. चाकोऱ्या खोल गेल्या होत्या आणि पृष्ठभागावर पत्र्यासारख्या वळ्या पडल्या होत्या. मी मोटर ग्रेडर मागविला आणि पाते चाकोरीच्या तळाला लावून सगळे समपातळीत आणावयास सांगितले. निघालेला मुरूम कडेच्या चरात गेला. त्याकडे मी लक्ष दिले नाही. यंत्राचे वयस्क चालक, ज्यांना सगळे दादा म्हणत, एवढेच म्हणाले, “साहब, ऊपर मत देखो, नीचे देखो.” मला त्याचा अर्थ कळला नाही. संध्याकाळी रस्ता आरशासारखा दिसत होता. गावकऱ्यांनी चहा पाजला.

जुलैत पाऊस लागला आणि तिसऱ्याच आठवड्यात ट्रॅक्टरची चाके मुरूम फोडून काळ्या मातीत रुतली. दुधाची गाडी बंद पडली. एका बाळंतिणीला खाटेवर घालून, चिखल तुडवीत डांबरी सडकेपर्यंत न्यावे लागले. ती सुखरूप पोचली, हे माझे भाग्य. दुसऱ्या दिवशी मी रस्त्यात खड्डे खणून पाहिले. कोठे पाच सेंटिमीटर मुरूम उरला होता, तर कोठे जेमतेम दोन.

तेव्हा मी जो हिशेब आधी करावयास हवा होता, तो केला. रस्त्याची रुंदी ३.७५ मीटर. तिच्यावरून केवळ १ सेंटिमीटर थर काढला, तर एका किलोमीटरमागे ३७.५ घनमीटर मुरूम जातो. मी दोन किलोमीटरवर सरासरी ४ सेंटिमीटर काढला होता, म्हणजे ३०० घनमीटर! सहा घनमीटरचा टिपर धरला, तर पन्नास खेपा मुरूम मी एका दिवसात चरात लोटला होता.

दादांच्या बोलण्याचा अर्थ आता उलगडला. पात्याची उंची वरून ठरवावयाची नसते, खालून ठरवावयाची असते. किती काढावयाचे हा प्रश्न दुय्यम. खाली किती उरते, हा खरा प्रश्न. त्यावरून जी पद्धत मी पुढे पाळली, ती थोडक्यात अशी :

पहिली गोष्ट, यंत्र आणण्यापूर्वी दर शंभर-दोनशे मीटरवर, मध्ये आणि दोन्ही कडांना, लहान खड्डे घेऊन मुरुमाची जाडी मोजावी. थर पातळ असेल तेथे पाते खोल लावू नये. नवा मुरूम आणावा.

दुसरी गोष्ट, नेहमीच्या देखभालीत पाते फक्त सुटा मुरूम सरकवील एवढेच टेकवावे. वळ्या मोडावयाच्या असतील, तर मात्र त्यांच्या तळापर्यंत जावे लागते, नाहीतर त्या लवकरच पुन्हा उमटतात. पण निघालेला मुरूम वरंब्याच्या रूपाने रस्त्यावरच ठेवून परत पसरावा. चरात जाऊ देऊ नये.

तिसरी गोष्ट, पाते आडवे समपातळीत नसावे. रस्त्याला मध्यापासून कडेकडे सुमारे ४ टक्के उतार हवा. ३.७५ मीटर रुंदीत मध्य कडेपेक्षा साडेसात सेंटिमीटर उंच येतो. म्हणून अर्धा अर्धा रस्ता घेऊन, पात्याचे कडेकडील टोक त्या मानाने खाली ठेवावे. माझा ‘आरसा’ पाणी साठवीत होता, हे येथे लक्षात येईल.

चौथी गोष्ट, पाते प्रवासाच्या दिशेशी तिरपे, साधारण ३० ते ४५ अंशांत ठेवावे आणि वेग ताशी ५ ते ८ किलोमीटरच असावा. घाई केली की यंत्र उसळते व पातेच नव्या वळ्या कोरते. पात्याची धार मध्येच झिजली असेल तर उंची कितीही अचूक लावा, रस्त्याचा आकार बिघडतोच.

पाचवी गोष्ट, काम ओल असताना करावे. मुठीत दाबलेला मुरूम गोळा धरील, पण हात चिखलाने माखणार नाही, इतकी ओल पुरे. मेच्या कोरड्यात बारीक कण धुळीबरोबर उडून जातात आणि उरलेले खडे एकमेकांना धरीत नाहीत.

हा नियम केवळ आपल्या मातीचा नाही. थंड देशांत खेड्यांतील खडीच्या रस्त्यांवरून बर्फ काढतात, तेव्हाही नेमका हाच प्रश्न येतो. रस्ता गोठून घट्ट झालेला नसेल, तर बर्फाबरोबर खडीही शेतात फेकली जाते. म्हणून पात्याखाली बुटासारखे लोखंडी टेकू लावून ते जमिनीपासून दोन-चार सेंटिमीटर वर धरतात आणि बर्फाचा पातळ थर मुद्दाम राहू देतात. जमीन पक्की गोठली की पाते खाली घेतात. तेथे बर्फ आणि येथे चिखल, पण राखावयाचा असतो तो खालचा रस्ताच.

खरे पाहता, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला केव्हाची ठाऊक आहे. माळव्यात बखर, आपल्याकडे कुळव, कन्नडात कुंटे. फास किती खोल जावी हे तो रानाची ओल पाहून ठरवितो आणि त्याप्रमाणे कुळवावर दगड ठेवतो किंवा उतरवितो. ओल वरच्या थराखाली टिकली पाहिजे, हे त्याच्या मनात असते. मी चार वर्षे पुस्तके वाचली, पण कुळवाच्या मागे चाललो असतो तर ते दोन किलोमीटर वाचले असते.

त्याच वर्षी पावसाळा सरताना, ओल असतानाच, नवा मुरूम घालून आम्ही तो रस्ता पुन्हा केला. ग्रेडरवर दादाच होते. या वेळी खड्डे खणण्याची कुदळ मी हातात घेतली होती, आणि पाते कोठे ठेवावयाचे ते त्यांना विचारले.