चार तास गाणी, मग कानांची परीक्षा

अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात काही तरुणांना सलग चार तास रॉक किंवा पॉप गाणी ऐकवली गेली, तीही चांगल्या मोठ्या आवाजात. प्लेअर बंद झाल्यावर पंधरा मिनिटांनी श्रवणचाचणी. कॉलीन ले प्रेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले: १०० ते १०२ डेसिबलच्या गटात ४००० हर्ट्झच्या स्वराला कान सरासरी सहा डेसिबलने मंदावले होते. पुढे ते पूर्ववत झाले.

ऐकण्यातली ही घट तात्पुरतीच हवी होती. ती भरवशाने घडवता आली, तर ती रोखणारे औषध तपासता येते. एब्सेलेन या औषधाची चाचणी अशाच चार तासांच्या संगीतावर झाली आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली.

पण संगीतच का? कारखान्याचा खडखडाट ऐकत चार तास कोण बसेल! गाणी मात्र माणूस हौसेने ऐकतो. अडचण एवढीच, की गाणे एका पातळीवर राहत नाही; ड्रम धडाडतात, मध्येच सगळे शांत होते. आवाजाचा डोस मोजायचा, तर गाणी पारखून निवडावी लागतात, त्यांचे चढउतार आवरावे लागतात. सूर-तालाची जाण आणि भौतिकशास्त्र दोन्ही लागणारे हे श्रवणशास्त्रज्ञाचे, म्हणजे ऑडिओलॉजिस्टचे, काम आहे. 'गाण्याने पोट भरत नाही' म्हणणाऱ्या पालकांनी एवढे तरी ऐकून घ्यावे.

शिवाय इथे उत्तरे सोपी नाहीत. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांना उंदरांमध्ये आढळले, की ऐकण्याची पातळी सावरली तरी कान आणि मज्जातंतू यांमधले काही सांधे कायमचे तुटतात. मग स्वयंसेवकांना किती आवाज द्यावा? नीतिशास्त्राचा प्रश्नही याच शास्त्रज्ञाच्या टेबलावर येतो.

या व्यवसायाची वाट बारावी विज्ञानानंतर सुरू होते: बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा या विषयांची, इंटर्नशिपसह चार वर्षांची पदवी. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय, तर म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ('आयश') ही नावाजलेली ठिकाणे. संशोधनासाठी पुढे पदव्युत्तर पदवी आणि पीएचडी. मात्र भुलू नये; बहुतेक ऑडिओलॉजिस्टांचा दिवस श्रवणयंत्रे बसवण्यात आणि तान्ह्या बाळांचे कान तपासण्यात जातो. ते आवडत नसेल, तर नुसत्या गाण्याच्या ओढीने इकडे येऊ नये.

फी भरण्याआधी अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, हे पालकांनी स्वतः तपासावे. परिषदेच्या नोंदणीशिवाय भारतात हा व्यवसाय करता येत नाही.