‘अंधुक’ म्हणजे नेमके काय?

‘सर, फळ्यावरचे अंधुक दिसते,’ अशी तक्रार बहुतेक वर्गांत ऐकू येते. शब्द साधाच, पण या एका शब्दात निरनिराळे दोष लपलेले असतात.

सायंकाळी उजेड कमी झाला की फळा अंधुक दिसतो. येथे डोळ्यांत शिरणारा प्रकाशच अपुरा असतो. ‘अंध’, ‘अंधार’ यांच्याशी या शब्दाचे नाते आहे, ते याच अर्थाने. खडूचे अक्षर हात लागून गेले असेल, तर त्याला ‘पुसट’ म्हणावे, दोष अक्षराचा. नगरहून पाथर्डीच्या रस्त्याने जाताना चांदबिबीचा महाल (खरे तर ती सलाबतखानाची कबर आहे) हिवाळ्यात धुक्यातून ‘धूसर’ दिसतो. दोष मधल्या हवेचा. तेथे चष्मा काय करणार?

आता भर दुपारी, स्वच्छ अक्षर समोर असताना ते अंधुक दिसले तर? निकटदृष्टिदोषात दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे तयार होते. त्यामुळे पटलावर बिंदूचा बिंदू न राहता तबकडी होते. थोडे गणित करू. डोळ्याची शक्ती सुमारे ६० डायॉप्टर, दोष २ डायॉप्टर आणि बाहुलीचा व्यास ४ मि.मी. धरला, तर तबकडीचा व्यास ४ × २ ÷ ६० म्हणजे सुमारे ०.१३ मि.मी. येतो. सहा मीटरवरील ५ से.मी. उंच अक्षराची पटलावरील प्रतिमा असते सुमारे ०.१४ मि.मी. म्हणजे एकेक बिंदू जवळजवळ अख्ख्या अक्षराएवढा पसरतो! मग ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे कसे ओळखायचे? अशा मुलाला आपण ‘लक्ष नाही’ म्हणून मोकळे होतो.

जाड पुठ्ठ्याला दाभणाने १ मि.मी.चे भोक पाडा. एक डोळा झाकून दुसऱ्याने त्यातून फळा पाहा. (सूर्याकडे मात्र चुकूनही पाहू नका.) प्रकाशाचा झोत अरुंद झाल्याने तबकडीचा व्यास चौथाई होतो आणि अक्षर रेखीव दिसते. गंमत अशी, की प्रकाश आता सोळावा हिस्साच मिळतो. म्हणजे अक्षर स्पष्ट, तरी पहिल्या अर्थाने अंधुक!

भोकातून वाचता आले, तर बहुधा चष्म्याने काम भागेल. फरक पडला नाही, तर कारण वेगळे असू शकते. उदाहरणार्थ, मोतीबिंदूत डोळ्याचे भिंगच गढुळते. दोन्ही वेळा डोळे डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवेत. पुठ्ठ्यावरून नंबर ठरत नाही.