कडी आधी, कुलूप मागाहून

चिऊ, सुट्टीत भावंडं जमली की कोडी घालायचा मान आता तुझ्याकडे आलाय, आणि ऑफिसातही म्हणे अडलेलं काम फिरून फिरून तुझ्याच टेबलावर येतं. छान झालं. हुशार तू आहेसच, फक्त पोहे भिजायच्या आत फोडणी टाकणाऱ्यांतली आहेस, म्हणून आत्याचे हे चार शब्द. आडवळणाची कोडी काय किंवा रोजच्या अडचणी काय, दोन्ही एकाच जागी अडतात: कुणी न सांगितलेली एखादी गोष्ट आपण मनातल्या मनात मान्य करून बसलेलो असतो. ती हुडकायची सवय लागावी, एवढ्याचसाठी हे कानमंत्र.

कोडं ऐकताना

१. कोडं ऐकलंस की आधी आपल्या शब्दांत परत सांगून बघ, आणि सांगताना पदरचं काय घातलंस ते पकड — कोडी सांगितलेल्या मजकुराने अडत नाहीत, आपण घातलेल्या भरीने अडतात.

२. तो दहाव्या मजल्यावरचा माणूस आठव: खाली येताना लिफ्टने थेट येतो, एकटा वर जाताना सातव्यावर उतरून उरलेले जिने चढतो, पण पावसाळ्यात थेट दहाव्यावर जातो. त्याच्या स्वभावात शिरू नकोस, लिफ्टच्या बटणांकडे बघ — उंची कमी असल्याने त्याचा हात सातच्या बटणापर्यंतच पोचतो, आणि पावसाळ्यात हातात छत्री असते.

३. कोड्यात उगीच आल्यासारखी वाटणारी गोष्ट सोडून देऊ नकोस — वरच्या कोड्यात पाऊस शोभेला आलेला नाही, किल्ली त्याच्याच खिशात आहे.

४. बारमध्ये शिरलेल्या माणसाने पाणी मागितलं, समोरच्याने पिस्तूल रोखलं, आणि हा ‘आभारी आहे’ म्हणून निघून गेला. कारण त्याला उचकी लागली होती, आणि दचकल्याने ती थांबली. कुणी काय मागतो ते ऐक, पण कशासाठी मागतो तेही विचार — मागणी पाण्याची असली तरी गरज उचकी थांबण्याची असते.

५. सोप्या उत्तराला कमी लेखू नकोस. कडी आधी बघावी, कुलूप मागाहून — दार नुसतं लोटलेलं असताना किल्ल्यांचा जुडगा चाचपण्यात हुशार माणसांचाही दिवस जातो.

प्रश्न विचारताना

६. हो-नाहीच्या खेळात पहिले प्रश्न मोठे विचार: हे घरात घडलं का, त्याच्या कामधंद्याचा संबंध आहे का — प्रत्येक प्रश्नाने निम्म्या शक्यता गाळल्या, तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून अधिक शक्यतांतून एकीवर येता येतं.

७. ‘नाही’ ऐकून तोंड पाडू नकोस — प्रश्न नीट निवडलेला असला तर ‘नाही’सुद्धा ‘हो’इतकाच केर काढतं.

८. बावळट वाटणारा प्रश्न सगळ्यांत आधी विचारून टाक: तो माणूसच आहे ना, हे सगळं एकाच दिवशी घडलं ना — विचारणाऱ्याचं तोंड दुखतं, न विचारणाऱ्याचं डोकं.

९. दुसऱ्याने विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर कान देऊन ऐक — आपला पुढचा प्रश्न जुळवण्याच्या नादात हातात आलेलं उत्तर निसटतं, आणि तोच प्रश्न तू पुन्हा विचारतेस.

अडकल्यावर

१०. एका रीतीने चार गणितं सुटली की पाचव्याला तीच रीत लावण्याआधी थांब. अब्राहम लचिन्स यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २१, १२७ आणि ३ मापांच्या भांड्यांनी १०० मापं पाणी मोजायचं होतं: मोठ्यातून मधलं एकदा आणि धाकटं दोनदा काढायचं. अशी काही गणितं झाल्यावर २३, ४९ आणि ३ मापांनी २० मोजायला सांगितलं, तरी बरेच जण तोच लांबचा हिशेब करत राहिले, २३ मधून ३ काढणं त्यांना सुचलं नाही — मळलेली वाट पायाला सोपी, पण ती तिच्या गावाला जाते, आपल्या नव्हे.

११. हाताशी असलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव विसरून ती नुसती कशी आहे ते बघ: पोकळ, सपाट, जड, लांब. कार्ल डुंकर यांच्या प्रयोगात मेणबत्ती, आगकाड्या आणि खोक्यात टाचण्या देऊन मेणबत्ती भिंतीवर उभी करायला सांगत; खोकं रिकामं करून तेच भिंतीला टाचलं की झालं. टाचण्या आधीच बाहेर ठेवल्या तर हे जास्त जणांना सुचे — भरलेलं खोकं डोळ्यांना फक्त टाचण्यांचं घर दिसतं, रिकामं खोकं फळीही होऊ शकतं.

१२. ‘चौकटीबाहेर विचार कर’ असं कुणी म्हटलं की मान डोलव, पण पेन्सिल खाली ठेवू नकोस. तीन ओळींतले नऊ ठिपके हात न उचलता चार सरळ रेघांनी जोडायचे असतील, तर रेघा ठिपक्यांच्या बाहेर न्याव्या लागतात. पण बाहेर जायला मोकळीक आहे असं स्पष्ट सांगितलं तरी पुष्कळांना ते कोडं सुटत नाही — अडसर कळणं वेगळं आणि वाट काढणं वेगळं, वाट हाताने गिरवूनच सापडते.

१३. सगळे जिथे बघतायत तिथून नजर काढून शेजारी बघ. लॅटरल थिंकिंग हे नाव रूढ करणाऱ्या, माल्टात जन्मलेल्या एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ च्या पुस्तकात सावकाराची गोष्ट सांगितली आहे: कर्जदाराच्या मुलीने पिशवीतून काढलेला खडा पांढरा निघाला तर कर्ज माफ आणि ती मोकळी, काळा निघाला तर तिने सावकाराशी लग्न करायचं, आणि लबाडाने पिशवीत दोन्ही खडे काळेच टाकलेले. मुलीने खडा काढला, वाटेवरच्या खड्यांत पाडला आणि म्हणाली, उरलेला बघा म्हणजे माझा कोणता ते कळेल — सगळ्यांची नजर काढलेल्या खड्यावर होती, तिची सुटका उरलेल्यात होती.

१४. हिशेब बसेना तर बाहेरून थोडं उसनं आणून बघ. सतरा उंटांपैकी निम्मे थोरल्याला, तिसरा हिस्सा मधल्याला आणि नववा धाकट्याला द्यायचा, तर शेजाऱ्याचा एक उंट आण: अठरांचे नऊ, सहा आणि दोन झाले, आणि उसना उंट परत गेला — एक-द्वितीयांश, एक-तृतीयांश आणि एक-नवमांश मिळून पूर्ण एक होतच नाही, सतरा-अठरांश होतात, म्हणून अठरावा उंट लागतो आणि उरतोही.

१५. गोष्ट बदलता येत नसेल तर तिची सोबत बदल. बिरबलाने रेघ न पुसता लहान केली ती शेजारी मोठी रेघ ओढून — लहान-मोठेपणा एकट्या रेघेत नसतो, दोघींच्या मध्ये असतो.

१६. एक उत्तर मिळालं तरी आणखी दोन शोध. पहिलं उत्तर पाहुणं, तिसरं घरचं — पहिलं सवयीने येतं, त्यानंतरची आपण विचार करून आणलेली असतात.

१७. खूप झटून झालं की ऊठ, भाजी निवड, फिरून ये. पण आधी झटायचं हे विसरू नकोस. फ्रेंच गणिती आंरी प्वाँकारे यांना सहलीच्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना मोठी कल्पना सुचली, पण त्याआधी त्यांनी त्या प्रश्नावर भरपूर डोकं चालवलं होतं आणि परतल्यावर ती पडताळूनही पाहिली — विश्रांतीत पिकतं ते आधी पेरलेलंच.

कोडं घालताना

१८. कोडं आधी एकदा मोठ्याने म्हणून बघ. अपघातात बाप गेला, जखमी मुलाला ऑपरेशनला आणलं, आणि सर्जन म्हणजे त्याची आईच निघाली, हे कोडं मराठीत सांगताना ‘सर्जन म्हणाली’ म्हटलंस की संपलंच. ‘सर्जनने सांगितलं, मला याच्यावर शस्त्रक्रिया करता येणार नाही, हा माझा मुलगा आहे’ असं सांग — आपल्या भाषेत क्रियापदच बाई की पुरुष ते बोलून टाकतं.

१९. मरणाचं कोडं घालण्याआधी समोर कोण बसलंय ते बघ — या प्रकारातली पुष्कळ कोडी मृत्यूभोवती रचलेली असतात, आणि एखाद्याच्या घरचं दुःख अजून ओलं असतं.

२०. इशारा द्यायचाच तर हळूच दे. नॉर्मन मायर यांच्या १९३१ च्या प्रयोगात छताला टांगलेल्या, दोन्ही एकदम हाताशी न येणाऱ्या दोऱ्या एकमेकींना बांधायच्या होत्या. ते सहज चालताना एका दोरीला धक्का लावत, आणि बघणाऱ्यांना दोरीला पक्कड बांधून झोका द्यायचं सुचे. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला इशारा मिळालाय हे कळलंही नाही — हळू दिलेल्या इशाऱ्याने कोडं सुटतं आणि सोडवल्याचा आनंदही सोडवणाऱ्याचाच राहतो.

२१. कुणी तुझ्या उत्तरापेक्षा वेगळं पण अटीत बसणारं उत्तर दिलं, तर मोकळ्या मनाने मान्य कर — ‘माझ्या पुस्तकात हे नाही’ म्हणालीस की पुढच्या वेळी कुणी नवं उत्तर शोधणार नाही.

२२. कोडं आधीच माहीत असेल तर घालणाऱ्याला डोळ्याने सांग आणि गप्प बस — उत्तर फोडणाऱ्याला क्षणभराची शाबासकी मिळते, बाकीच्यांची संध्याकाळ जाते.

खऱ्या अडचणीत

२३. चौघांनी मिळून उपाय शोधायचा असेल तर आधी प्रत्येकाला वेगळं बसून कागदावर लिहायला सांग, मग एकत्र वाचा — एकत्र बसून बोलताना मोठ्या आवाजाच्या माणसाची कल्पना उरते, आणि लाजाळूची मनातच विरते.

२४. सुचवणं आणि तपासणं एकाच वेळी करू नका. डी बोनो यांनी १९८५ मध्ये सहा टोप्यांची रीत सांगितली ती याचसाठी: एका वेळी सगळ्यांनी एकच टोपी घालायची, मग ती नव्या कल्पनांची असो की धोके शोधण्याची — उगवतं रोप आणि कोयता एकाच हातात दिले तर रोप टिकत नाही.

२५. समोर आलेल्या गोष्टींबरोबर न आलेल्याही मोज. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड यांनी परतलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांचा हिशेब मांडला, आणि त्यातून धडा निघाला तो असा की खुणा जिथे कमी, तिथे संरक्षण जास्त हवं — तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नव्हती.

२६. ‘ही वस्तू स्वस्त कशी करू’ यापेक्षा ‘वापरणारा दिवसभर काय करतो’ हे आधी विचार. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी परदेशी कृत्रिम पायाची नुसती नक्कल केली नाही. उकिडवं बसता येईल, अनवाणी शेतात जाता येईल असा रबरी पाय केला — बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी केलेला पाय आपल्या शेतकऱ्याच्या कामाचा नव्हता.

२७. नियम बाजूला सारण्याआधी तो कशासाठी घातला होता ते विचार. फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे जाड तार बसवणं ही युक्ती नव्हे — उडणं हेच फ्यूजचं काम, आणि तो उडाला नाही तर घराची वायर तापते.

२८. अडचण सुटली की वहीत एकच ओळ लिही: मी काय उगीच धरून चालले होते — उत्तरं विसरली तरी चालतात, पण आपलं मन नेहमी कुठे फसतं ते त्या ओळींतून कळतं.

२९. आणि हे तुझ्यासाठी, जेवणानंतर सोडव: काळी गाडी, गाडीचे दिवे बंद, रस्त्यावरचे दिवे बंद, आकाशात चंद्र नाही, तरी चालकाला रस्त्यातलं काळं मांजर लांबूनच दिसलं आणि त्याने गाडी थांबवली. कसं? उत्तर लिहीत नाही — पहिला कानमंत्र पाळलास तर त्याची गरज पडणार नाही.