बिटकॉइनची खाण

आमचा एक जुना विद्यार्थी परवा घरी आला. म्हणाला, "गुरुजी, बायकोच्या पाटल्या मोडतो नि बिटकॉइन काढायचं यंत्र घेतो." आम्ही म्हटले, "बस. आधी हिशेब मांड."

बिटकॉइन हे संगणकावरचे नाणे. त्याच्या खाणीत कुदळ नाही. जगभरची यंत्रे एक आकडा शोधत असतात. साधारण दर दहा मिनिटांनी तो एकाला सापडतो, इनाम त्यालाच. २००९ साली इनाम ५० नाणी होते. तेव्हा घरचा संगणकही पुरे. सुमारे चार वर्षांनी ते निम्मे होते. २०२४ पासून ३.१२५ उरले, आणि शर्यतीत यंत्रांनी भरलेली गोदामे उतरली! पुष्कळजण मिळून शोधतात, पण मग वाटाही चिमूटभरच.

आता वीज पाहा. सव्वातीन किलोवॅटचे यंत्र रात्रंदिवस चालते. दिवसाला ७८ युनिट. आठच रुपये दर धरू, तरी महिन्याला १८,७२० रुपये. खरे तर वापर वाढला की घरगुती दरही चढतो. नाण्याचा भाव पडला, तरी बिल पडत नाही. शिवाय नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर, आणि विजेचा खर्च त्यातून वजा होत नाही.

त्याने गुणाकार दोनदा केला. मग हळूच विचारले, "जुनं यंत्र स्वस्तात घेतलं तर?"

अरे, जुने यंत्र तेवढ्याच विजेत शोधते कमी!